ग्रीक आणि जर्मन : इतिहास आणि कलेतलं नातं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अथेन्समधली संसदेची इमारत एका बव्हेरियन (दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या) वास्तुकाराने बांधली. एजिना बेटावरच्या देवळाची शिल्पं म्युनिकमध्ये आहेत. आधुनिक ग्रीक चित्रकलेच्या पहिल्या मोठ्या पिढीला 'म्युनिक स्कूल' म्हणतात. युरोपच्या कलेचा इतिहास वाचायला घेतला की ही जोडी अशी पुन्हा पुन्हा भेटते आणि त्यावरून प्रश्न पडतात. ते इथे एकत्र केले आहेत.

एक भूमिका आधीच सांगते. जर्मनांनी ज्या ग्रीसवर जीव लावला, तो बहुतेक वेळा पुस्तकांतला आणि संगमरवरातला ग्रीस होता. हाडामांसाच्या ग्रीक माणसांशी ते कसे वागले, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो. खालची उत्तरं हे दोन्ही हिशेब समोर ठेवून लिहिली आहेत.

हे नातं कधीपासूनचं आहे?

लोक साधारणपणे अठराव्या शतकापासून सुरुवात करतात, पण धागा बराच मागे जातो. इ.स. ९७२ मध्ये रोममध्ये जर्मन राजपुत्र ओटो दुसरा याचं लग्न थेओफानू या बायझंटाइन (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीकभाषक पूर्व रोमन साम्राज्याच्या) राजघराण्यातल्या मुलीशी झालं. तिला दिलेल्या स्त्रीधनाचा दस्तऐवज आजही जर्मनीत वोल्फेनब्युटेलच्या अभिलेखागारात आहे. जांभळ्या रंगात रंगवलेलं लांब चर्मपत्र, त्यावर गोलाकार चौकटींत झुंजणारे प्राणी आणि वर सोनेरी अक्षरं. दुरून पाहिलं तर कागदपत्र न वाटता एखादं भरजरी रेशमी वस्त्रच वाटावं. ९८३ मध्ये नवरा गेल्यावर लहान मुलाच्या नावाने तिने साम्राज्याचा कारभार पाहिला आणि ९९१ मध्ये ती वारली. कोलोनच्या सेंट पांटालिऑन चर्चमध्ये तिची समाधी आहे. तिच्या काळातल्या जर्मन हस्तिदंती कामावर आणि सोनेरी पार्श्वभूमीच्या चित्रित पोथ्यांवर बायझंटाइन वळण स्पष्ट दिसतं.

पुढे धर्मसुधारणेच्या काळात ग्रीक भाषेला वेगळंच वजन आलं. मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये नवा करार जर्मनमध्ये आणला तो ग्रीक मूळ समोर ठेवून. पण त्या शतकातला माझा आवडता माणूस म्हणजे ट्युबिंगेनचा प्राध्यापक मार्टिन क्रुसिउस. इतर विद्वान प्राचीन ग्रंथांतच रमलेले असताना हा आपल्या काळातले ग्रीक कसे बोलतात, कसे राहतात याची चौकशी करत होता. कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठाशी त्याने पत्रव्यवहार ठेवला. ट्युबिंगेनला येणाऱ्या ग्रीक प्रवाशांना घरी ठेवून घेऊन त्यांच्याकडून तो बोलीभाषा शिकला, आणि १५८४ मध्ये हे सगळं त्याने ग्रंथरूपाने छापलं. त्याचा हा कित्ता नंतरच्या जर्मन ग्रीसप्रेमींनी फारसा गिरवला नाही.

जर्मनांना ग्रीसचं एवढं वेड कशामुळे लागलं?

सुरुवात एका माणसापासून करता येते. योहान योआखिम विंकेलमान, जन्म १७१७, श्टेंडाल गावात जोडे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. १७५५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये त्याने ग्रीक कलेच्या अनुकरणावर एक छोटी पुस्तिका लिहिली. ग्रीक कलेचं मर्म त्याने 'उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता' या शब्दांत सांगितलं आणि ते शब्द पुढची शंभर वर्षं जर्मन साहित्यात घुमत राहिले. १७६४ मध्ये त्याचा प्राचीन कलेचा इतिहास आला. तोपर्यंत कलेचा इतिहास म्हणजे कलावंतांची चरित्रं. विंकेलमानने शैली कशी उगवते, बहरते आणि उतरणीला लागते, हे कालखंड पाडून दाखवलं. आज कुठल्याही संग्रहालयात शिल्पं काळानुसार मांडलेली दिसतात, त्यामागे ही दृष्टी आहे.

पण एका पुस्तकाने अख्खा समाज वेडा होत नाही. तेव्हा जर्मनी नावाचा देशच नव्हता. शेकडो लहानमोठी संस्थानं होती आणि त्यांच्या दरबारांत फ्रेंच भाषा, फ्रेंच नाटकं, फ्रेंच शिष्टाचार चालत. फ्रान्सने रोमचा वारसा मिरवला, तेव्हा जर्मन लेखकांनी त्याच्याही मागचा ग्रीस जवळ केला. प्राचीन ग्रीकही नगरराज्यांत विभागलेले होते, तरी भाषा, देव आणि कला यांनी एक होते. तुकड्यातुकड्यांत राहणाऱ्या जर्मनांना यात स्वतःचं चित्र दिसलं. पुढे विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट प्रशियाच्या शिक्षण खात्याचा प्रमुख झाला आणि ग्रीक भाषा माध्यमिक शिक्षणाच्या केंद्रस्थानी आली. मग पिढ्यान् पिढ्या वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी प्राचीन ग्रीक महाकवी होमर वाचूनच बाहेर पडू लागले.

बर्लिनचं ब्रांडेनबुर्ग द्वार (१७८८–९१) अथेन्सच्या अक्रोपोलिसवरच्या, म्हणजे प्राचीन देवळांच्या टेकडीवरच्या, प्रवेशद्वारावरून बेतलेलं आहे. वास्तुकार कार्ल फ्रीड्रिख शिंकेलच्या तिथल्याच आल्टेस म्युझियमसमोर अठरा आयोनिक स्तंभांची रांग उभी आहे.

विंकेलमान ग्रीसला कधी गेलाच नव्हता, हे खरं का?

खरं आहे. ग्योथे गेला नाही, शिलर गेला नाही, ग्रीसवर सर्वांत उत्कट कविता लिहिणारा ह्योल्डरलिनही गेला नाही. तेव्हा ग्रीस ऑटोमन (तुर्की) साम्राज्यात होता आणि प्रवास खर्चिक व जोखमीचा होता. विंकेलमानने रोममध्ये जे पाहिलं, त्यातल्या बऱ्याच गोष्टी ग्रीक शिल्पांच्या रोमन नकला होत्या. १७६८ मध्ये त्रिएस्त इथे त्याचा खून झाला. ग्रीस पाहायचा राहूनच गेला.

ग्रीक पुतळे खरंच पांढरेशुभ्र होते का?

नाही. ते रंगवलेले असत. केस, डोळे, ओठ, वस्त्रांचे काठ, ढालींवरची चिन्हं, सगळ्यांवर रंग होता. पांढऱ्या संगमरवराचा आदर्श विंकेलमानच्या लेखनाने घट्ट केला, हे खरं. पण तो खोडून काढण्याचं कामही मोठ्या प्रमाणात जर्मनांनीच केलं. वास्तुकार गॉटफ्रीड सेंपर ग्रीस पाहून आला आणि १८३४ मध्येच त्याने रंगांचा मुद्दा जोरात मांडला. अलीकडच्या काळात फिन्झेन्झ ब्रिंकमान आणि सहकाऱ्यांनी अतिनील प्रकाश आणि तिरप्या प्रकाशझोताच्या साहाय्याने रंगांच्या खुणा शोधल्या. २००३ मध्ये म्युनिकच्या ग्लिप्टोथेक या शिल्पसंग्रहालयात रंगीत प्रतिकृतींचं प्रदर्शन भरलं. त्यातला एजिनाचा धनुर्धारी आठवा: अंगाला चिकटलेल्या विजारीवर आणि बाह्यांवर भडक रंगांची नागमोडी नक्षी. पहिल्यांदा पाहणारा दचकतो. तरीही असे रंग डोळ्यांसमोर आणल्याशिवाय ग्रीक देऊळ समजत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात जर्मन लढले होते का?

हो. १८२१ मध्ये उठाव झाला तेव्हा युरोपभरातून स्वयंसेवक निघाले आणि त्यांत जर्मनांची संख्या मोठी होती. व्युर्टेंबर्गचा सेनाधिकारी कार्ल फॉन नोर्मान याच्या नेतृत्वाखालची तुकडी जुलै १८२२ मध्ये पेटाच्या लढाईत जवळजवळ नेस्तनाबूत झाली. नोर्मान जखमी झाला आणि त्याच वर्षी मिसोलोंगीत वारला. कित्येकजण प्राचीन अथेन्सचा नेता पेरिक्लिस याचे वंशज भेटतील या आशेने आले होते. भेटले ते डोंगरातले कष्टाळू, रांगडे लढवय्ये, आणि सोबत ताप, उपासमार, पगाराचा पत्ता नाही. ग्रीकांचा यात काही दोष नव्हता. पाहुणेच चुकीचं चित्र डोक्यात घेऊन आले होते.

कवी विल्हेल्म म्युलरने ग्रीक लढ्यावर इतकी गाणी लिहिली की लोक त्याला 'ग्रीक-म्युलर' म्हणू लागले. शुबर्टने ज्याच्या कवितांना चाली लावल्या तो हाच म्युलर.

ग्रीसचा पहिला राजा जर्मन कसा काय?

१८३१ मध्ये ग्रीसचा पहिला शासनप्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास याचा नाफ्प्लिओत खून झाला आणि देशात बजबजपुरी माजली. ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया या तीन सत्तांना आपापसात न भांडता मान्य होईल असा राजा हवा होता. बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला ग्रीसवेडा होता, स्वतःच्या खिशातून ग्रीकांना पैसे पाठवत होता. त्याचा धाकटा मुलगा ओटो निवडला गेला. फेब्रुवारी १८३३ मध्ये ब्रिटिश जहाजातून तो नाफ्प्लिओला उतरला तेव्हा सतरा वर्षांचा होता. सोबत सुमारे ३,५०० बव्हेरियन सैनिक आणि राज्य चालवायला तीन जर्मन कारभारी.

या राजवटीने न्यायालयं, शाळा, पुरातत्त्वाचा कायदा (१८३४) आणि अथेन्सचं विद्यापीठ (१८३७) दिलं. पण कारभार परक्यांच्या हातात, करांचा बोजा जबर आणि राज्यघटना नाही. स्वातंत्र्ययुद्धाचा वृद्ध सेनानी कोलोकोत्रोनिस याच्यावर राजद्रोहाचा खटला भरून १८३४ मध्ये त्याला देहदंड सुनावला गेला. पाच न्यायाधीशांपैकी पोलिझोइदिस आणि तेर्त्सेतिस या दोघांनी निकालावर सही करायला नकार दिला, त्यांना बळाने न्यायालयात आणलं, तरी ते बधले नाहीत. पुढे ओटोने कोलोकोत्रोनिसला माफी दिली, पण लोकांच्या मनातली अढी गेली नाही. ३ सप्टेंबर १८४३ ला सैन्य आणि जनता राजवाड्यासमोर जमली आणि राज्यघटना मान्य करून घेतली. त्या चौकाला आज 'सिंताग्मा', म्हणजे राज्यघटना चौक म्हणतात.

१८६२ मध्ये ओटोला गादी सोडावी लागली. उरलेली वर्षं त्याने जर्मनीत बांबेर्गला काढली आणि तिथेही तो ग्रीक पोशाखच घालत असे. १८६७ मध्ये तो वारला. राज्यकर्ता म्हणून तो कमी पडला, पण त्याचं त्या देशावर मनापासून प्रेम होतं, यात मला शंका वाटत नाही.

ग्रीसच्या झेंड्याचा निळा-पांढरा रंग बव्हेरियातून आला का?

नाही. हा समज फार पसरलेला आहे. ग्रीकांच्या पहिल्या राष्ट्रीय सभेने हे रंग १८२२ मध्येच स्वीकारले होते, ओटो यायच्या अकरा वर्षं आधी.

आजचं अथेन्स जर्मनांनी वसवलं असं म्हणता येईल का?

आखणीत त्यांचा हात मोठा आहे, पण एकट्याचा नाही. १८३४ मध्ये राजधानी नाफ्प्लिओहून अथेन्सला हलली तेव्हा ते युद्धाने उद्ध्वस्त झालेलं छोटं गाव होतं. पहिला आराखडा केला तो स्तामातिओस क्लेआन्थिस हा ग्रीक आणि एदुआर्द शाउबेर्ट हा ब्रेस्लाउचा जर्मन, या दोघांनी. दोघेही शिंकेलच्या हाताखाली शिकलेले. खुद्द शिंकेलने अक्रोपोलिसवर, पार्थेनॉन या प्राचीन देवळाच्या शेजारी राजवाडा बांधायचा आराखडा बर्लिनमध्ये बसून पाठवला. रेखाटनं देखणी आहेत. पण ते प्रत्यक्षात आलं नाही हे बरंच झालं. म्युनिकचा वास्तुकार लिओ फॉन क्लेन्झे १८३४ मध्ये अथेन्सला आला, शहराचा आराखडा बदलला आणि अक्रोपोलिस हे जपायचं स्मारक आहे, हे ठरवून घेतलं. राजवाडा अखेर फ्रीड्रिख फॉन गेर्टनरने खाली मैदानाच्या बाजूला बांधला. आज तिथे ग्रीसची संसद भरते. पुढच्या पिढीत सॅक्सनीहून आलेल्या एर्न्स्ट त्सिलरने अथेन्सचं राष्ट्रीय नाट्यगृह, आजचं राष्ट्राध्यक्ष भवन आणि सीरोस बेटावरची नगरपालिकेची भव्य इमारत उभी केली.

या सगळ्याची किंमतही मोजावी लागली. अक्रोपोलिस 'शुद्ध' करायच्या नादात मधल्या शतकांच्या खुणा पाडल्या गेल्या. ऑटोमन काळातली घरं गेली. मध्ययुगीन फ्रँकिश बुरूज १८७५ मध्ये हाइनरिख श्लीमानने दिलेल्या पैशांतून पाडला गेला. पेरिक्लिसचा काळ सोडून बाकीची दोन हजार वर्षं म्हणजे कचरा, ही समजूत जर्मन विद्वानांची होती आणि ग्रीक सुशिक्षितांनीही ती उचलून धरली. आज अक्रोपोलिसवर चढताना जी मोकळी, उजाड टेकडी दिसते, ती एकोणिसाव्या शतकाने घडवलेली आहे.

एजिनाची शिल्पं म्युनिकला कशी पोचली?

१८११ मध्ये दोन इंग्रज आणि दोन जर्मन तरुण एजिना बेटावरच्या अफाइआ देवीच्या देवळाची मोजमापं घेत होते. जर्मनांपैकी एक होता न्युरेनबर्गचा कार्ल हालर फॉन हालरश्टाइन. दगड हलवताना त्यांना छतालगतच्या त्रिकोणी भागातली शिल्पं सापडली. स्थानिकांना किरकोळ रक्कम देऊन त्यांनी ती हलवली आणि १८१२ मध्ये लिलाव झाला. तेव्हा युवराज असलेल्या लुडविगच्या माणसाने ती विकत घेतली. रोममध्ये डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसनने तुटके हातपाय, डोकी नव्याने घडवून बसवली. विसाव्या शतकात म्युनिकच्या संग्रहालयाने ही भर पुन्हा काढून टाकली. त्यावर अजूनही वाद होतो, कारण ती भरही आता कलेच्या इतिहासाचा भाग होती.

या शिल्पांपैकी दोन फार जवळून पाहण्यासारखी आहेत. देवळाच्या दोन्ही टोकांना एकेक मरणारा योद्धा आहे आणि दोघांमध्ये फार तर वीस वर्षांचं अंतर. पश्चिमेकडचा जुना. छातीत घुसलेलं शस्त्र उपसताना तो आपल्याकडे तोंड करून कोपरावर रेलला आहे आणि ओठांवर जुन्या ग्रीक शिल्पांचं ते ठरावीक स्मित. मरण जणू त्याला शिवलेलंच नाही. पूर्वेकडचा मात्र ढालीवर कोसळतो आहे. धड वळलेलं, मान खाली गेलेली, आणि ज्या हातावर भार आहे तो आता सुटणार, हे दगडात कळतं. इ.स.पू. ५०० च्या सुमारास ग्रीक शिल्पकाराने माणसाच्या शरीराकडे पाहायची पद्धत कशी बदलली, हे समजायला या दोन मूर्तींइतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

ती परत द्यावीत का? माझ्या मते हा प्रश्न बंद झालेला नाही. खरेदी झाली, पण विकायला तयार नसलेल्या देशाच्या मातीतून, आणि तो देश स्वतंत्र व्हायच्या आधी. छोटी पावलं पडतात: २००६ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने पार्थेनॉनच्या शिल्पपट्टीचा एक लहान तुकडा ग्रीसला परत केला.

'म्युनिक स्कूल' म्हणजे काय? ग्रीक चित्रकारांचा म्युनिकशी काय संबंध?

हा प्रश्न कमी विचारला जातो, म्हणून उत्तर मुद्दाम मोठं देते. ग्रीकांना जर्मनांनी काय दिलं आणि ग्रीकांनी त्याचं काय केलं, हे या चित्रकारांत जितकं दिसतं तितकं राजवाड्यांत दिसत नाही.

ओटोच्या काळापासून हुशार ग्रीक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या कला अकादमीत पाठवायची रीत पडली. तिथे ऐतिहासिक चित्रांचा नामांकित शिक्षक कार्ल फॉन पिलोती होता. अकादमीची शिकवण म्हणजे काटेकोर रेखाटन, तपकिरी छटांतून उजळणारा प्रकाश आणि कथा सांगणारी मांडणी.

निकिफोरोस लित्रास आणि निकोलाओस गिझिस हे दोघेही तिनोस बेटावरचे. संगमरवराच्या कारागिरीसाठी हे बेट प्रसिद्ध आहे. लित्रास १८६० मध्ये म्युनिकला गेला, परत आला आणि १८६६ पासून अथेन्सच्या कला विद्यालयात शिकवू लागला. त्याच्या हाताखाली ग्रीक चित्रकारांच्या पुढच्या पिढ्या तयार झाल्या. नाताळची गाणी गाणाऱ्या मुलांचं त्याचं १८७२ चं चित्र पाहा. संधिप्रकाशातलं घरगुती अंगण, वेगवेगळ्या वेशांतली, वेगवेगळ्या वर्णांची मुलं, एकाच्या हातात ढोल, आणि त्याच अंगणात एका प्राचीन शिल्पाचा भग्न अवशेष. जर्मन चित्रकाराने तो अवशेष मधोमध ठेवला असता. लित्रास तो बाजूला ठेवतो आणि चित्र गाणाऱ्या पोरांना देतो.

गिझिस १८६५ मध्ये म्युनिकला गेला आणि तिथलाच झाला. १८८८ मध्ये तो त्याच अकादमीत प्राध्यापक झाला आणि १९०१ मध्ये तिथेच वारला. ऑटोमन अमलात पाद्री रात्री चोरून मुलांना शिकवत, या कथेवरचं त्याचं 'गुप्त शाळा' हे चित्र ग्रीसमध्ये घरोघरी ठाऊक आहे. दोनशे द्राख्माच्या नोटेवरही ते छापलं गेलं. अशा शाळा होत्या का, यावर इतिहासकारांचा मोठा आक्षेप आहे. पण म्युनिकमध्ये बसून, कमी उजेडाच्या जर्मन पद्धतीने रंगवलेल्या चित्राने ग्रीकांना स्वतःच्या भूतकाळाची प्रतिमा दिली, ही गोष्ट विसरता येत नाही. उतारवयात त्याने कथाचित्रं मागे टाकली आणि रूपकात्मक, प्रकाशात विरघळत जाणाऱ्या आकृती रंगवल्या. ती मला त्याच्या सगळ्या कामात श्रेष्ठ वाटतात.

कोन्स्टांटिनोस व्होलानाकिसने समुद्र आणि जहाजं रंगवली. लेस्बोसच्या जॉर्जिओस याकोविडिसने आजीआजोबा आणि नातवंडं. त्याच्या मुलांच्या वाद्यवृंदाच्या चित्राला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं आणि अथेन्सच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाचा पहिला संचालक तोच झाला. पुढे व्होलोस गावात जन्मलेला इटालियन चित्रकार जॉर्जो दे किरिको अथेन्सहून म्युनिकलाच शिकायला गेला.

या पिढीवर एक टीका कायम होते: पॅरिसमध्ये चित्रकार उघड्यावर जाऊन ऊन रंगवत होते, तेव्हा ग्रीससारख्या लखलखीत उन्हाच्या देशातले चित्रकार जर्मन स्टुडिओतला अंधार आणत होते. टीकेत तथ्य आहे. पण तेवढ्यावरून त्यांना निकालात काढणं अन्यायाचं होईल. ग्रीक माणसाचा चेहरा, त्याचं घर, सण आणि म्हातारपण यांना तैलचित्रात जागा मिळाली ती यांच्यामुळे.

श्लीमानने खरंच ट्रॉय शोधलं का?

होमरच्या महाकाव्यातल्या ट्रॉय नगरीची जागा हिसार्लिक टेकडीवर आहे हे फ्रँक कॅल्व्हर्टने आधीच ओळखलं होतं आणि तिथे थोडं खणलंही होतं. मोठं उत्खनन श्लीमानने १८७१ पासून केलं. घाईघाईत वरचे थर उद्ध्वस्तही केले. १८७३ मध्ये सापडलेला 'प्रिआमचा खजिना' (प्रिआम म्हणजे कथेतला ट्रॉयचा राजा) होमरच्या युद्धकथेपेक्षा सुमारे हजार वर्षं जुना निघाला. तो बर्लिनला गेला, १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने मॉस्कोला नेला आणि अजून तिथेच आहे. १८७६ मध्ये मायसिनीत सापडलेला सोन्याचा मुखवटाही त्याच कथेतला ग्रीक सेनापती अगामेम्नॉन याच्या मानल्या जाणाऱ्या काळापेक्षा जुना आहे. तरी ग्रीक कांस्ययुग जगासमोर आणलं ते त्यानेच. त्याची बायको सोफिया अथेन्सची. त्यांचं अथेन्समधलं घर त्सिलरने बांधलं आणि आज त्यात नाण्यांचं संग्रहालय आहे.

ऑलिंपियाच्या उत्खननाचं एवढं कौतुक का होतं?

करारामुळे. १८७४ मध्ये ग्रीस आणि जर्मनी यांच्यात ठरलं की खर्च जर्मनी करील आणि सापडलेल्या वस्तू ग्रीसमध्येच राहतील. ज्या काळात उत्खनन म्हणजे आपल्या राजधानीचं संग्रहालय भरणं असं समीकरण होतं, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. एर्न्स्ट कुर्तिउसच्या देखरेखीखाली १८७५ ते १८८१ काम चाललं. मे १८७७ मध्ये बाळ डायोनिससला कडेवर घेतलेला हर्मिस सापडला, तो आजही ऑलिंपियातच उभा आहे. त्याच काळात कार्ल हुमान पेर्गामॉनची भव्य वेदी उकरत होता. ती मात्र ऑटोमन सरकारच्या संमतीने बर्लिनला गेली. तेव्हाचं पेर्गामॉन आज तुर्कस्तानात आहे, त्यामुळे तो वाद वेगळा.

ऑलिंपिक ज्योत ऑलिंपियात पेटवून धावपटूंनी यजमान शहरात न्यायची प्रथा प्राचीन नाही. १९३६ च्या बर्लिन खेळांसाठी कार्ल डीमने ती आखली आणि नाझी राजवटीने तिचा प्रचारासाठी पुरेपूर वापर केला.

संगीत आणि रंगभूमीत काय देवाणघेवाण झाली?

मेंडेल्सोनने १८४१ मध्ये पॉट्सडामच्या प्रयोगासाठी सोफोक्लिसच्या 'अँटिगनी'ला संगीत दिलं. नीत्शेने १८७२ मध्ये ग्रीक शोकांतिका संगीतातून जन्मली असं मांडून विंकेलमानच्या शांत ग्रीसला सुरुंग लावला. रिखार्ड श्ट्राउसचा १९०९ चा 'एलेक्ट्रा' हा ऑपेरा ऐका, त्यात उदात्त साधेपणाचा मागमूस नाही. ब्रेख्तने १९४८ मध्ये अँटिगनीची कथा थेट युद्धाच्या शेवटच्या दिवसांतल्या बर्लिनशी जोडली.

उलट्या दिशेने ग्रीक संगीतकार निकोस स्काल्कोतास बर्लिनमध्ये संगीतकार शोनबेर्गकडे शिकला, १९३३ मध्ये अथेन्सला परतला आणि जवळजवळ अज्ञात राहून १९४९ मध्ये वारला. ग्रीक लोकनृत्यांवरच्या त्याच्या ३६ वाद्यवृंद रचना जरूर ऐका.

दुसऱ्या महायुद्धात काय घडलं?

६ एप्रिल १९४१ ला जर्मनीने ग्रीसवर हल्ला केला आणि २७ एप्रिलला अथेन्समध्ये प्रवेश केला. अक्रोपोलिसवर स्वस्तिकाचा झेंडा चढला. ३० मेच्या रात्री मानोलिस ग्लेझोस आणि अपोस्तोलोस सांतास या दोन विद्यार्थ्यांनी वर चढून तो उतरवला. त्या हिवाळ्यात अन्नधान्याची लूट आणि नाकेबंदी यांमुळे भीषण दुष्काळ पडला, अथेन्सच्या रस्त्यांवर माणसं मरून पडत होती. १९४३ च्या मार्चपासून थेस्सालोनिकीतल्या चाळीस हजारांहून अधिक ज्यूंना ऑशविट्झला पाठवलं गेलं. शतकानुशतकं नांदलेला तो समाज जवळजवळ संपला. कालाव्रिता गावात १३ डिसेंबर १९४३ ला पुरुष आणि मोठी मुलं एका उतारावर नेऊन गोळ्या घातल्या. दिस्तोमोत १० जून १९४४ ला २१८ माणसं मारली, त्यांत तान्ही बाळंही होती.

हे करणाऱ्यांत शाळेत होमर शिकलेले अधिकारी होते. ग्रीसवरचं जर्मन प्रेम सांगणाऱ्या लेखांत हे वाक्य अनेकदा गाळलं जातं, म्हणून इथे स्पष्ट लिहिते.

१९६० च्या करारानुसार पश्चिम जर्मनीने ११.५ कोटी मार्क दिले. युद्धकाळात ग्रीसच्या मध्यवर्ती बँकेकडून सक्तीने घेतलेल्या कर्जाचा आणि भरपाईचा प्रश्न ग्रीस अजून उपस्थित करतो, जर्मन सरकार विषय कायद्याने संपला म्हणतं. राष्ट्राध्यक्ष योआखिम गाउक यांनी २०१४ मध्ये लिंगियादेस गावात आणि फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांनी २०२४ मध्ये क्रीटमधल्या कांदानोस गावात माफी मागितली. माझ्या दृष्टीने माफी आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीमुळे दुसरी फिटत नाही.

एवढं होऊनही इतके ग्रीक जर्मनीत कसे?

पोटासाठी. मार्च १९६० मध्ये दोन्ही देशांत कामगार भरतीचा करार झाला आणि १९७३ पर्यंत लाखो ग्रीक म्युनिक, श्टुटगार्ट, रुर खोऱ्यातल्या कारखान्यांत गेले. त्यांच्या विरहाची गाणी स्तेलिओस काझान्त्झिदिसने गायली. १९६७ ते ७४ या लष्करी हुकूमशाहीच्या काळात डॉइच वेले या जर्मन नभोवाणीचं ग्रीक प्रसारण लोक ग्रीसमध्ये घरात आवाज बारीक करून ऐकत. म्हणजे ज्या देशाच्या रणगाड्यांची आठवण ताजी होती, त्याच देशातून आता खऱ्या बातम्या येत होत्या.

अलीकडच्या काळात हे नातं कसं आहे?

२००४ मध्ये ओटो रेहागेल या जर्मन प्रशिक्षकाच्या हाताखाली ग्रीसने फुटबॉलचा युरोपियन करंडक जिंकला आणि अथेन्सने दुसऱ्या एका ओटोला 'राजा' म्हणून डोक्यावर घेतलं. सहा वर्षांत कर्जसंकट आलं आणि दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांनी एकमेकांबद्दल जे लिहिलं ते वाचवत नाही. कासेलचं 'डॉक्युमेंटा' हे समकालीन कलेचं प्रदर्शन २०१७ मध्ये अथेन्स आणि कासेल अशा दोन शहरांत भरलं, ते याच पार्श्वभूमीवर. अथेन्सच्या समकालीन कला संग्रहालयाचा संग्रह कासेलला मांडला गेला, ही त्यातली मोलाची गोष्ट. पण अनेक ग्रीक कलावंतांना हे आपल्या हलाखीचं पर्यटन वाटलं आणि त्यांनी ते उघडपणे सांगितलं.

हे प्रत्यक्ष पाहायचं तर कुठे जावं?

म्युनिकला एकच दिवस असेल तर क्योनिग्सप्लात्स चौकात जा. ग्लिप्टोथेकमध्ये एजिनाची शिल्पं आहेत, सोमवारी बंद असतं. समोर क्लेन्झेची प्रोपिलेअन कमान ओटोच्या ग्रीक राज्याच्या गौरवार्थ बांधलेली, ती पूर्ण झाली त्याच वर्षी त्याची गादी गेली. जुन्या शहरातलं साल्वाटोर चर्च लुडविगने १८२८ मध्ये ग्रीक समाजाला दिलं, तिथे आजही ऑर्थोडॉक्स उपासना होते. अथेन्समध्ये आधी २०२१ मध्ये नव्याने उघडलेलं राष्ट्रीय चित्रसंग्रहालय गाठा आणि लित्रास, गिझिस, याकोविडिस यांना वेळ द्या, अक्रोपोलिस दुसऱ्या दिवशी. नाफ्प्लिओत तापाच्या साथीत मेलेल्या बव्हेरियन सैनिकांच्या स्मरणार्थ खडकात कोरलेला सिंह आहे.

घरबसल्याही संधी येतात. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्राचीन शिल्पांचं जे प्रदर्शन उघडलं, त्यात बर्लिनच्या राज्य संग्रहालयांतली शिल्पंही आली होती. अशा प्रदर्शनात ग्रीक मूर्तीखालची पाटी वाचताना ती कुठे सापडली यासोबत ती आता कुणाच्या मालकीची आहे आणि तिथे कोणत्या वर्षी पोचली, हेही वाचा.